बदनाम चाव्या

नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांच्या वार्षिक समारंभांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. निळे दिवे, धूर, मागे कंपनीचं बोधचिन्ह, पुढे गिटार घेऊन वाकलेला एक पोरगा आणि हात वर करून नाचणारी गर्दी. फोटोत जे ऐकू येत नाही ते मला माहीत असतं, कारण त्या दिव्यांच्या मागे, वायरींच्या गुंत्याशेजारी, एका स्टुलावर मी बसलेला असतो. माझं काम दोन वाक्यांत सांगता येतं. गिटार स्टेजवर जाताना सुरात हवी, आणि परत येईपर्यंत सुरात राहायला हवी. पहिलं बहुतेकांना जमतं. दुसऱ्यासाठी मी कित्येक वर्षं वर्धा रोडवर ये-जा करतोय.

गिटार बेसूर झाली की सगळे आधी तिच्या डोक्याकडे बोट दाखवतात. तिथल्या सहा खुंट्यांना नवी मुलं ‘कीज’ म्हणतात, जुने ऑर्केस्ट्रावाले ‘चाव्या’. “चाव्या सरकून राहिल्या भाऊ, नव्या टाकाव्या लागतीन,” हे मी दर सीझनला ऐकतो. आणि दर सीझनला त्या बिचाऱ्या निर्दोष निघतात. म्हणून हे किस्से त्यांच्या बाजूने सांगतोय.

पहिला किस्सा गेटवरचा. मे महिना, दुपारचे साडेतीन. मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात जाणारी प्रत्येक वस्तू कागदावर असावी लागते, कारण सीमाशुल्काच्या हिशेबात कुंपणापलीकडची ती जमीन परदेशासारखी. आमच्या यादीत एका गिटारचा सिरियल नंबर लिहायचा राहून गेला होता. चूक आमचीच. आम्हाला आत सोडेपर्यंत व्हॅन उन्हात, काचा बंद, आत दोन गिटार. नंबर नसलेली तिसरी तेवढी गेटवरच्या थंडगार खोलीत टेबलावर ठेवलेली. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी तेवढा नव्हता, पण पेटी उघडून तारेला बोट लावलं तर चटका बसत होता. हॉलमध्ये पोचल्या-पोचल्या मी घाईघाईने दोन्ही गिटार लावून टाकल्या, चांगल्याच उतरल्या होत्या. वीस मिनिटांनी आमच्या लीड गिटारवाल्याने पहिला कॉर्ड वाजवला तर सगळंच चढलेलं. तो माझ्यावर डाफरला, मी चाव्यांना बोल लावला. तेवढ्यात दुसरा कागद मिळाला आणि गेटवर अडकलेली तिसरी गिटार आली. जिच्यापायी सगळा खोळंबा झाला होता, तिला हातसुद्धा लावावा लागला नाही.

याचा उलगडा केला आमच्या ऱ्हिदम गिटारवाल्याने. त्याची नोकरी विमानांच्या देखभालीची. बोइंगने बांधलेलं देखभाल केंद्र मिहानमध्ये २०१५ साली सुरू झालं, आणि दिवसा विमानाचं पोट उघडणारी, संध्याकाळी गाणं वाजवणारी माणसं आपल्या शहरात दिसू लागली. समोशांच्या रिकाम्या खोक्यावर त्याने पेनाने दोन रेघा मारल्या. एक तार, एक लाकूड. “पोलाद दर अंशाला दहा लाखांत बारा भाग वाढते,” तो म्हणाला. “लाकूड रेषांच्या दिशेनं त्याच्या निम्म्यानंही वाढत नाही. ऊन लागलं का तार लांबली, मान होती तेवढीच राहिली. मग ताण कुठं जाईन? उतरंन. अन् तू गरम तार सुरात लावली, मग ती एसीत थंड झाली. चढंन नाही तं काय!” मी म्हटलं, तुला हे कुणी शिकवलं? तर म्हणाला, विमानाने. कितीतरी विमानांत वैमानिकाच्या हातापासून शेपटीपर्यंत पोलादी दोर जातात, त्यांचा ताण मोजण्याआधी तापमान बघावं लागतं आणि तक्त्यात शोधून ताण ठरवावा लागतो. फक्त तिथे गणित उलटं. विमानाचं अंग ॲल्युमिनियमचं, ते दर अंशाला दहा लाखांत तेवीस भाग वाढतं, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे उन्हात दोर सैल पडत नाहीत, आणखी ताणले जातात. “हँगरमधून इकडं आलो का डोकं उलटं करून घ्यावं लागते मला,” तो म्हणाला आणि तो समोशाचा खोका माझ्या हातात देऊन आवाज तपासायला निघून गेला. तेव्हापासून आमच्याकडे गिटारच्या पेट्या आधी अर्धा तास उघड्या राहतात. हॉलची हवा खाऊन झाली की मगच ट्यूनर निघतो.

तो भेटल्यावर माझ्या लक्षात आलं की गिटारचा सूर ज्यांनी टिकवला, त्यांतले बरेचसे मुळात दुसऱ्याच धंद्यातले होते. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा, त्याला गिटार वाजवता येत नसे. पॉल बिग्सबी मोटारसायकलींतला कारागीर. मर्ल ट्रॅव्हिस नावाच्या गायकाने आपल्या गिटारवरची सूर हलवणारी दांडी त्याच्याकडे दुरुस्तीला आणली, कारण दांडी एकदा दाबली की गिटार परत सुरावर येत नव्हती. बिग्सबीने शेवटी स्वतःचीच दांडी घडवली, ती आजही त्याच्या नावाने विकली जाते. त्याच ट्रॅव्हिससाठी १९४८ मध्ये त्याने सहाही चाव्या एकाच बाजूला असलेली गिटार केली, आणि दोन वर्षांत फेंडरच्या गिटारवरही चाव्या एका ओळीत आल्या. ट्रॅव्हिस म्हणत राहिला, माझी गिटार पाहून केलं. फेंडर म्हणत राहिला, मी क्रोएशियातली जुनी वाद्यं पाहिली होती. या भांडणाचा निकाल काहीही लागो, फायदा तारेचा झाला. चाव्या एका ओळीत आल्या की तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेतून सरळ चावीकडे जाते, तिला वळसा घ्यावा लागत नाही, आणि जिथे वळसा नाही तिथे अडकणं कमी.

पुढची कडी फ्लॉइड रोझची. तो दागिने घडवायचा आणि बँडमध्ये वाजवायचा. दांडी दाबून सोडली की तारा आपल्या जागी येत नाहीत, याला कंटाळून त्याने दागिन्यांच्याच अवजारांनी नटच्या जागी तारा आवळून धरणारा चिमटा केला. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. तार आता नटपाशीच घट्ट धरलेली, त्यापलीकडे चाव्या असल्या काय, नसल्या काय! म्हणजे चाव्यांवरचा आळ शेवटी एका सोनाराने पुसला.

आपल्याकडे मिरजेतही माणसं दुसऱ्याच धंद्यातली. सतारी-तंबोऱ्यांचा तो धंदा उभा केला शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घरांनी. फरीदसाहेबांचं नाव तिथे पहिलं घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास मिहानमधल्या एका कार्यक्रमात आमच्या बँडबरोबर तंबोरा होता. तंबोरा घेऊन बसलेले काका सत्तरीचे. ग्रीनरूममध्ये मी गिटार लावताना ते बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, “तुम्ही वरून खाली येताय.” मला कळेना. तार चढली होती म्हणून मी चावी उलटी फिरवून ती उतरवत होतो, सुरावर आली की थांबत होतो. “तसं नका करू. सुराच्या खाली जा, अन् खालून वर या. वरून उतरलात तर तार तुमच्या मागंमागं उतरतच राहील.” त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, तंबोऱ्याची खुंटी उपसली, खडू फिरवला, खुंटी परत दाबून बसवली. ना गिअर, ना स्क्रू, नुसतं लाकडावर लाकूड.

काकांचं म्हणणं गिटारच्या चावीलाही लागू पडतं, आणि का ते मी नंतर चावी उघडून पाहिलं. आत वर्म गिअर असतो. बऱ्याच चाव्यांत बोंड १४ वेळा फिरवलं की खांब एकदा फिरतो. या गिअरचा गुण असा की बोंडाने खांब फिरतो, पण तारेने कितीही ओढलं तरी खांबाने बोंड फिरत नाही. म्हणजे चावी आपणहून सरकेल ही शक्यताच फार थोडी. मात्र दात्यांमध्ये केसभर जागा असते. वरून खाली आलात तर ती जागा मोकळी राहते आणि पहिल्याच ओढीला तार ती खाऊन टाकते. खालून वर आलात की दात्याला दाता टेकलेला. तंबोऱ्यात गिअर नाही, तरी काकांना हे ठाऊक होतं. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हातातल्या ट्यूनरकडे बोट केलं आणि विचारलं, “हे कुठं मिळतं? कान थकतात आता.” मी तो ट्यूनर त्यांनाच दिला.

आता लीडच्या नव्या चाव्यांची गोष्ट. सगळं सांगूनही त्याने मुंबईहून तार आत आवळून धरणाऱ्या महागड्या चाव्या मागवल्याच. गिटारच्या डोक्याला नवी भोकं पाडून बसवल्या. पहिल्या गाण्यात तिसरी तार ओढून वरचा सूर घेतला, आणि सोडली तर उतरलेली. पुन्हा लावली, पुन्हा उतरली. त्याचा चेहरा मला बघवेना, कारण चाव्यांना त्याने तीन कार्यक्रमांचं मानधन घातलं होतं. मध्यंतरात मी तिसरी तार हलकेच चढवत गेलो आणि कान नटपाशी नेला. टिक्. तो आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. नटची खाच तारेला घट्ट होते, तार तिच्यात रुतून बसते आणि मग एकदम निसटते. ओळखायची खूणही सोपी आहे: तार ओढून सोडल्यावर उतरली, किंवा दांडी दाबून सोडल्यावर चढली, तर गुन्हेगार नट. चावी नाही, कारण चावी तर हललीच नाही. औषध पेन्सिलीचं. तिच्या ग्रॅफाइटची पूड खाचेत भरली की तार निसरड्यावरून गेल्यासारखी जाते. पण आयटी कंपनीच्या त्या अख्ख्या मजल्यावर पेन्सिल मिळेना! सगळीकडे कीबोर्ड आणि मार्कर. शेवटी खालच्या लॉनवर कर्मचाऱ्यांच्या मुलांची चित्रकला स्पर्धा चालली होती तिथे धावलो. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने मोठ्या नाखुशीने तिची काळीभोर सिक्स-बी पेन्सिल दिली, ती पण माझ्याबरोबर वर येण्याच्या अटीवर. मी तार खाचेतून बाजूला केली, पेन्सिल घासली, तार परत बसवली. लीडने ओढली, सोडली. जागच्या जागी. मुलीने सगळं लक्ष देऊन पाहिलं आणि हात पुढे केला: “आता द्या. माझ्या हत्तीची सोंड राहिली आहे.”

गिब्सनसारखा कारखानाही चाव्यांच्याच मागे लागला होता. २०१५ साली त्यांनी आपल्या बहुतेक गिटारींवर आपोआप सूर लावणाऱ्या मोटरच्या चाव्या सरसकट बसवल्या. वादकांनी त्या काढून साध्या लावल्या, आणि पुढच्याच वर्षी साध्या चाव्यांच्या गिटार परत आल्या. मला त्यात नवल वाटलं नाही. मोटर चावी अचूक फिरवील, पण गिब्सनच्या डोक्यावर चाव्या दोन्ही बाजूंना, मधल्या तारा नटमधून वाकून जातात, आणि खाचेत रुतलेल्या तारेपर्यंत मोटरचा हात पोचत नाही.

आमच्या बँडमधली चुरस मात्र दांडीवरून होती. एका वर्षी आमच्याकडे दोन लीड होते. एकाकडे फ्लॉइड रोझचा, हवेत तरंगणारा ब्रिज, म्हणजे तारांचा खालचा आधार. तारांचा ताण एकीकडे, मागच्या स्प्रिंगांचा दुसरीकडे, आणि मधे तोल. दुसऱ्याने आपल्या स्ट्रॅटोकास्टरमागे लाकडी ठोकळा ठोकून ब्रिज कायमचा बंद करून टाकलेला. पहिला दुसऱ्याला ‘ठोकळा’ म्हणायचा, दुसरा पहिल्याला ‘पाळणा’. महिनाभर दोघं एकमेकांना ट्यूनर दाखवत फिरत होते, आणि खरं सांगायचं तर पाळणा जिंकत होता. त्याची गिटार तासभर दांडी हाणली तरी तसूभर ढळायची नाही. मग कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर, सोलोच्या ऐन मध्यावर, पाळण्याची पहिली तार तुटली. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो. त्यातली एक गेली की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. एक तार तुटून सहा जणी बेसूर! त्याने माझ्याकडे पाहिलं ते डोळे मी अजून विसरलेलो नाही. जादा गिटार माझ्या हातात तयार होती, पण तिची वायर पोचत नव्हती. तेव्हा ठोकळ्याने स्वतःच्या गळ्यातली गिटार काढून चालत्या गाण्यात त्याच्या गळ्यात घातली आणि स्वतः टाळ्या देत उभा राहिला. सोलो पूर्ण झाला. पुढच्या आठवड्यात पाळण्याने ब्रिजमागे ठोकळा बसवून घेतला, आणि ठोकळ्याने त्याच दिवशी आपला काढून टाकला. दोघांचं भांडण तसंच चालू आहे, फक्त बाजू बदलल्या आहेत.

ट्यूनरचेही किस्से आहेत. एकदा दोन गिटार आणि बेस, तिन्हींचा सूर आपसात काचेसारखा, आणि कीबोर्ड आला की सगळं आंबट. कीबोर्डवाल्याने पट्टी बदलली, वायर बदलली, घाम पुसला. अर्ध्या तासाने सापडलं: पेटीत कोंबताना माझ्या ट्यूनरचं बटण दाबलं गेलं होतं आणि ४४० चा ‘ए’ ४४५ वर जाऊन बसला होता. तिन्ही वाद्यं एकमेकांशी प्रामाणिक, बाकी जगाशी नाही. त्या रात्रीपासून पेटीतून निघालेल्या ट्यूनरवरचा आकडा मी मोठ्याने वाचतो. आणि मिहानमध्ये तर विमानतळ उशाशी. माइकवाल्या ट्यूनरला उतरत्या विमानाचा आवाज गेला की काटा वेडा होतो. म्हणून डोक्याला चिमटा लावायचा, कंपनं लाकडातून पकडणारा ट्यूनर घेतला. विमानांचा प्रश्न सुटला. मग आमचा बेसवाला प्रेमाने शेजारी येऊन उभा राहिला, स्टेजची फळी थरथरली, आणि माझ्या गिटारवरचा ट्यूनर त्याच्या बेसचा सूर दाखवू लागला.

नव्या तारांबद्दल थोडक्यात. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने सांगून ठेवलंय की तो तारा उकळून घ्यायचा, म्हणजे त्या आधीच ताणल्या जातात. आमच्या धाकट्या गिटारवाल्याने ते मनावर घेतलं आणि पँट्रीतल्या चहाच्या किटलीत तारा उकळल्या. चहाचं काय झालं ते पँट्रीतल्या ताईंनी त्याला नीट ऐकवलं. पण तारा खरंच टिकल्या! मी चक्रावलो. मग त्याला पुन्हा करून दाखवायला सांगितलं, तेव्हा दिसलं की भिजलेल्या तारा गिटारवर चढवल्यावर गंजू नयेत म्हणून तो एकेक तार टॉवेलात धरून जोर लावून, ओढून-ओढून पुसत होता. नव्या तारेला हेच हवं असतं. चावीवरचे वेढे आवळले जाईपर्यंत ती हाताने ओढायची, लावायची, पुन्हा ओढायची. किटलीचं श्रेय टॉवेलाचं होतं.

आणि गेल्या जानेवारीतली रात्र. लॉनवरचा खुला कार्यक्रम. संध्याकाळी गार वारा, नऊनंतर दव. गिटार उन्हात उतरते तशी थंडीत चढते, आणि रात्र सरकेल तसतसं दर दोन गाण्यांमागे आम्ही तारा सुराच्या खाली नेऊन परत वर आणत होतो. ऱ्हिदमवाल्याची त्या दिवशी रात्रपाळी होती. शेवटचं गाणं संपताच त्याने गिटार माझ्या हातात दिली, अंगातला चमकीचा कोट काढून माझ्याच खांद्यावर टाकला आणि मोटारसायकलवरून हँगरकडे गेला. आम्ही वायरी गुंडाळत दीड वाजेपर्यंत तिथेच होतो. दोनच्या सुमाराला त्याचा निरोप आला. “इथं थंडीनं दोर ढिले पडले. तिकडं तारा चढल्या असतीन. पाय बरं.”

मी व्हॅनचं दार उघडलं, पेटी उघडली, बोट फिरवलं. सहाच्या सहा चढल्या होत्या.